चिन्ह, शब्द आणि उच्चार : जपानी लेखन व इंग्रजी वाचक

जपानी वाचन शिकू लागलेल्या इंग्रजीभाषकास पहिली धास्ती वाटते ती चिन्हांच्या संख्येची. हिरागाना व काताकाना या दोन वर्णमालांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे. शिवाय चीनमधून आलेली 'कांजी' ही चिन्हे, जी २०१०च्या सरकारी यादीत २१३६ आहेत. वर्णमाला काही आठवड्यांत आटोपतात. (अ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना हा त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृताध्ययनातून आलेला असल्याने मराठी वाचकास तो परका वाटू नये.) परंतु त्याच यादीने कांजींची ४३८८ उच्चारणे मान्य केली आहेत, आणि अडचणीचे मूळ या दुसऱ्या आकड्यात आहे.

'जीवन' या अर्थाचे एकच चिन्ह घ्यावे. 'इकिरु' (जगणे) या क्रियापदात त्याचा उच्चार 'इ' होतो, 'उमारेरु' (जन्मणे) यात 'उ'. स्वतंत्र आले असता ते 'नामा' म्हणजे कच्चे. 'गाकुसेइ' (विद्यार्थी) या चिनी उच्चारांच्या समासात 'सेइ', तर 'इस्शो' (जन्मभर) यात 'शो'. अक्षरावरून उच्चार व उच्चारावरून शब्द हा इंग्रजी वाचकाचा परिपाठ येथे उलटा होतो. शब्द ओळखल्यावाचून उच्चार ठरत नाही.

लेखनाचे साहाय्य अगदीच नसते असे नव्हे. क्रियापदाचा अंत्य भाग हिरागानात लिहितात. चिन्हापुढे 'किरु' दिसले की 'इ' आणि 'मारेरु' दिसले की 'उ'. वस्तुतः हा व्यवहार इंग्रजीतही आहे. '२' हा आकडा 'टू' असा वाचला जातो. पण त्यास 'एन-डी' ही अक्षरे जोडताच तोच आकडा 'सेकंड' होतो. इंग्रजीत जो अपवाद, तो जपानीत नियम, एवढेच.

जेम्स हाइसिग यांच्या बहुप्रचलित पद्धतीच्या पहिल्या भागात चिन्हाची आकृती व एक इंग्रजी सूचक शब्द एवढेच शिकवितात. उच्चार पुढील भागावर सोपविलेले आहेत. आकृती ध्यानात ठेवण्यास ही पद्धत उपयुक्त आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि 'जीवन' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी तोक्योतील उपाहारगृहावरची 'नामा-बीरु' ही पाटी पाहून अडतो. उत्तरार्धातील काताकाना तो सहज वाचील, त्यातील बिअरही ओळखील. पूर्वार्धाचा उच्चार मात्र, न तापविलेल्या ताज्या बिअरला जपानीत काय म्हणतात हे ठाऊक असल्याखेरीज, त्यास सुचणार नाही.