दात मांजराचे, बटवा आजीचा!

तुमच्या मांजराला किती दात आहेत, माहितीये?

तीस. कुत्र्याला बेचाळीस. आणि रील्समध्ये बघून ज्याच्यावर तुमचा जीव जडलाय, त्या लांबुडक्या फेरेटला चौतीस. आपल्याला अक्कलदाढा धरून बत्तीस. म्हणजे घरात आपल्यापेक्षा जास्त दात शेरूला, पण ब्रश मात्र फक्त आपल्यालाच!

त्याचा वाढदिवस होतो, त्याच्यासाठी कूलर लागतो, त्याचं स्वतःचं इन्स्टा अकाउंट असतं. पण त्याच्या तोंडाचा वास यायला लागला की आपण काय म्हणतो? ‘अरे, कुत्र्यांच्या तोंडाला वास येतोच.’

येत नाही. निरोगी तोंडाला असा भपकारा येत नाही. पशुवैद्य सांगतात की वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांत हिरड्यांच्या आजाराची सुरुवात झालेली असते. तिसऱ्या वर्षी! म्हणजे तुम्ही फर्स्ट इयरला असताना आणलेलं पिल्लू, तुमचा फायनलचा रिझल्ट लागेपर्यंत दातांचा पेशंट झालेलं असू शकतं.

आणि ते सांगत नाही. मांजर तर मुळीच नाही. दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभावच. दाढ सडलेली असली तरी ते जेवतं. फक्त एका बाजूनं चावतं, घास तोंडातून पाडतं, कोरडं खाणं सोडून ओलंच मागतं. आपण म्हणतो, ‘नखरे वाढलेत हिचे.’

तोंडात नेमकं होतं काय?

दात घासले की काही तासांतच त्यावर पुन्हा जंतूंचा एक चिकट, बुळबुळीत थर बसायला लागतो. हा प्लाक. तो मऊ असतो, तोवर ब्रशनं सहज निघतो. पण तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. मग त्याचं पिवळं-तपकिरी कीटण होतं. कीटण ब्रशनं निघत नाही, दातूननं नाही, कुठल्याच चूर्णानंही नाही.

खरा त्रास तर दिसतच नाही. कीटण हिरडीच्या खाली सरकतं, तिथे जंतू साचतात, हिरडी लाल होते, सुजते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. कुत्र्याच्या डोळ्याखाली अचानक सूज आली तर अनेकांना वाटतं, काहीतरी चावलं असेल. पुष्कळदा ते वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेलं गळू असतं.

आणि मग उघडतो बटवा

दात आणि झाडपाला हे नातं नागपूरला नवं नाही. 1952 मध्ये व्हिको कंपनी सुरू करणारे केशव विष्णु पेंढरकर त्याआधी नागपुरात किराणा दुकान चालवायचे. त्यांच्या वज्रदंतीनं झाडपाल्यानं दात घासायची सवय घरोघरी नेली. इतवारीच्या किराणा बाजारात आजही लवंग, हळद, त्रिफळा, तुरटी सगळं मिळतं. आजीची दाढ दुखली की लवंगेचा बोळा ठरलेला. त्यामुळे मांजराची दाढ दुखतेय म्हटल्यावर घरातलं कुणीतरी प्रेमानं म्हणतंच, ‘लाव ना थोडं लवंगेचं तेल. नॅचरल आहे, काही होत नाही.’

इथेच थांबा. मांजराला होतं.

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं रसायन असतं. दात बधिर करतं ते हेच. आपल्या शरीरात गेल्यावर यकृत त्याला एक रासायनिक जोड लावून बाहेर काढून टाकतं. मांजराच्या यकृतात ही जोड लावणारी यंत्रणा फारच दुबळी. लाखो वर्षं फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींची रसायनं पचवायची गरजच पडली नाही. त्यामुळे जे आजीच्या शरीरातून दिवसभरात निघून जातं, ते मांजराच्या शरीरात साचत राहतं.

याच कारणानं पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, कारण त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच जाते. फेरेटचं यकृतही पॅरासिटामॉलच्या बाबतीत असंच मंद चालतं. आणि आयबुप्रोफेन? ते कुत्रा, मांजर, फेरेट तिघांनाही घातक. ‘दुखतंय बिचाऱ्याला’ म्हणून आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देणं ही दया नाही, धोका आहे.

म्हणजे प्रश्न ‘नैसर्गिक की केमिकल’ असा नाहीच. प्रश्न आहे, यकृत कोणाचं?

बटव्यातलं एकेक

हळद: थोडीशी पोटात गेली तर सहसा बिघडत नाही. पण कीटण काढत नाही आणि दातांच्या मुळापर्यंत पोचत नाही. पांढऱ्या पामेरियनचं तोंड मात्र पिवळंधमक होतं.

लसूण: जंतू मारतो म्हणून काही जण देतात. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात. फेरेटलाही नको.

मीठ आणि सोडा: गुळण्या करून थुंकून टाकायचं असतं हे त्यांना माहीत नाही. ते सगळं गिळतात. जास्तीचं मीठ त्यांना बाधतं.

टी ट्री ऑइल: ‘हर्बल’ म्हणून विकलं जातं. कुत्रा आणि मांजर दोघांनाही विषारी.

खोबरेल तेल: बोटभर लावलं तर अपाय नाही, उपकारही नाही. तेलानं प्लाक खरवडला जात नाही.

मशेरी, गुडाखू: घरात कुणी लावत असेल तर डबी उंचावर ठेवा. तंबाखूतलं निकोटिन कुत्र्या-मांजरांसाठी जहाल आहे.

आपली टूथपेस्ट, आयुर्वेदिक असली तरी: ती थुंकण्यासाठी बनलेली असते. शिवाय काही पेस्टमध्ये आणि शुगरफ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं. कुत्र्याच्या पोटात ते गेलं की इन्सुलिन झपकन वाढतं, रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. लेबल वाचायची सवय लावा.

मग बटव्यातलं काहीच चालत नाही का? एक वनस्पती जवळ येते, पण ती इतवारीत मिळत नाही. उत्तर अटलांटिक महासागरातलं एक तपकिरी समुद्रशेवाळ. त्याची पूड जेवणात मिसळून दिल्यावर कुत्र्यांच्या दातांवर प्लाक आणि कीटण कमी जमतं, असं प्रयोगांत दिसलंय. पण त्यात आयोडिन भरपूर असतं. थायरॉइडचा त्रास असलेल्या प्राण्याला ते देऊन चालत नाही, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि आधी जमलेलं कीटण तेही साफ करून देत नाही, बरं का!

दातूनचंही तसंच बघा. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी आपले दात स्वच्छ करते, ती नुसत्या रसामुळे नाही. चावून चावून तिचा कुंचला होतो आणि तो रोज दातांवर फिरतो. बटव्यातली खरी शिकवण हीच आहे: रोज घासणं. शेरूसाठी तेवढीच उचला.

ब्रश कसा करायचा?

पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात खुपसलात तर दुसऱ्या दिवशी शेरू पलंगाखाली. त्यामुळे घाई नको.

पहिले तीन-चार दिवस फक्त ओठ उचलायचा, बघायचं, शाबासकी द्यायची. पुढचे काही दिवस बोटाला गॉज गुंडाळून, चिकनच्या बिनमिठाच्या, बिनकांदा-लसणाच्या पाण्यात बुडवून दातांवर फिरवायचं. सवय झाली की लहान मुलांचा मऊ ब्रश आणि प्राण्यांसाठीची पेस्ट. पेट शॉपमध्ये ती मिळते, चिकनच्या चवीचीसुद्धा. गिळली तरी चालते.

फक्त बाहेरची बाजू घासा. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा, मागच्या वरच्या दाढांकडे विशेष लक्ष द्या. एका बाजूला अर्धा मिनिट पुरे. रोज जमलं तर उत्तम, एक दिवसाआड तरी हवंच. कीटण व्हायला किती दिवस लागतात ते आठवा, म्हणजे ‘रविवारी बघू’ का चालत नाही ते कळेल.

पिल्लू असेल तर अजून सोपं, सवय लवकर लागते. फक्त चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडत असताना हिरड्या दुखऱ्या असतात, तेव्हा जोर नको. सात महिन्यांनंतरही एका जागी दोन सुळे दिसत असतील, आणि पामेरियनसारख्या छोट्या जातींत हे बरंच दिसतं, तर डॉक्टरांना दाखवा.

आता रविवारचा मुद्दा. सावजी मटण झालं की ताटातलं हाड शेरूला जातंच. पण शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं, घशात-आतड्यात रुततं. फार टणक हाडानं दाढच फुटते. आणि तो रस्सा म्हणजे कांदा, लसूण आणि तिखट. साधा नियम ठेवा: ज्या वस्तूवर नख दाबलं तर खूण उमटत नाही, ती चावायला देऊ नका.

फेरेट घ्यायचंय?

आधी दोन गोष्टी. एक, फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. मुंगूस आपल्याकडचा वन्यप्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित. तो पाळता येत नाही, ‘सापडलं म्हणून ठेवलं’ असंही नाही. दोन, फेरेट हा युरोपातल्या पोलकॅटचा माणसाळलेला वंशज. तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. लाइट गेली आणि एसी बंद पडला तर काय, याचं उत्तर तयार नसेल तर रीलच बघा.

आधीच घरात असेल, तर त्याचे दातही मांजरासारखेच सांभाळायचे. मांसाहार, लहान मऊ ब्रश, बटव्याला सुट्टी. सुळ्यांची टोकं तुटलीत का ते अधूनमधून बघा, पिंजऱ्याच्या गजांना चावून ती तुटतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. फेरेट लाळ गाळतोय, पंजानं तोंड खाजवतोय, म्हणजे दातच दुखतोय असं नसतं. त्यांच्यात स्वादुपिंडाची गाठ होण्याचं प्रमाण मोठं आहे. त्या गाठीमुळे रक्तातली साखर घसरते, मळमळतं आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. अशा वेळी तुम्ही लवंग लावत बसलात तर मोलाचा वेळ जातो.

भूल द्यावी लागेल म्हणाले तर?

इथे आई-बाबा घाबरतात. मग कुणीतरी ‘भूल न देता स्केलिंग करून देतो’ म्हणतं आणि ते बरं वाटतं. पण जागा असलेला प्राणी हिरडीखाली अवजार घालू देत नाही. वरचं दिसणारं कीटण निघतं, दात चमकतात, फोटो छान येतो आणि आजार हिरडीखाली तसाच राहतो. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी असते, त्यामुळे पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. आधी रक्ततपासणी करून घ्या, मनातले सगळे प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आपल्या शहरात विचारायला जागा आहे, हे नशीबच. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचं. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथलंच. महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाळीव प्राण्यांवर उपचार होतात. अँटी-रेबीजच्या इंजेक्शनला जाल तेव्हा एक वाक्य जास्तीचं बोला: ‘सर, जरा दात पण बघता का?’

हे दिसलं तर वाट बघू नका

- तोंडाला घाण वास, हिरडीच्या कडेला लाल रेघ
- लाळेत रक्त, सतत लाळ गळणं
- एका बाजूनं चावणं, घास पाडणं, वाटीपाशी जाऊन परत फिरणं
- डोळ्याखाली किंवा जबड्यावर सूज
- हलणारा, तुटलेला दात
- चुकून लवंगेचं तेल, आपली गोळी किंवा झायलिटॉल पोटात गेलं: घरी उलटी करवू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि थेट डॉक्टरांकडे निघा