चलच्चित्र-कॅमेऱ्याची पारख

घरातील मंगलकार्य, वृद्धांचे बोलणे, तान्ह्या मुलाचे पहिले पाऊल हे सारे जपून ठेवावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु बेताच्या पैशांत कॅमेरा घ्यावयाचा म्हणजे फसगतीचे भय आलेच. १९८३ मध्ये सोनीने कॅमेरा व मुद्रणयंत्र एकाच पेटीत असलेला ‘बीटामूव्ही’ घरगुती ग्राहकांसाठी बाजारात आणला. पुढे फीत जाऊन कार्ड आले. पारखीची तत्त्वे मात्र फारशी बदलली नाहीत.

खोक्यावरील मोठ्या आकड्यांना भुलू नये. ‘झूम’ दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि दूरचा चेहरा खरोखर स्पष्ट होतो. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला तुकडा केवळ ताणला जातो. तपशील वाढत नाही. मेगापिक्सेलचेही तसेच. प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असेल, तर आकडा कितीही मोठा असो, सांजवेळी चित्र रवाळच उमटते. म्हणून दुकानाच्या झगझगाटात नव्हे, तर एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेरा चालवून पाहावा.

ध्वनीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय आहे काय, बॅटरी बदलता येते काय, हे अवश्य विचारावे. हाती चांगला मोबाइल असेल आणि दूरचे टिपावयाचे नसेल, तर स्वस्त कॅमेऱ्यावर खर्च न केलेलाच बरा. चित्र थोडे अंधूक असले तरी निभावते. पण आजीचे शब्दच ऐकू आले नाहीत, तर ते पुन्हा कोठून आणावयाचे?