अर्धे तिकीट

माणूस म्हातारा झाला हे त्याला प्रथम घरची माणसे सांगत नाहीत, एस.टी.चा वाहक सांगतो. दोन वर्षांपूर्वी हडपसरच्या गाडीतळावर आम्ही उभयता बसमध्ये चढलो. मी सवयीने दोन पूर्ण तिकिटांचे पैसे पुढे केले. वाहकाने माझ्या चेहऱ्यावर एकदाच दृष्टी टाकली आणि म्हटले, "आजोबा, आधार कार्ड आहे ना? मग अर्ध्यात जा की." पैसे वाचल्याचा आनंद व्यापारी रक्ताला झालाच, परंतु त्या 'आजोबा'चा हिशेब चौफुला येईपर्यंत काही जुळेना. शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींना मात्र कोणताही दाखला द्यावा लागला नाही. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व वयांत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे त्यांचे वय शासनापुढेही गुप्तच राहिले.

आमच्या मित्रमंडळातील शेटजी तर याहून भाग्यवान. त्यांचे चौऱ्याहत्तरावे चालू आहे आणि पंचाहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास पूर्ण मोफत. वाढदिवसाची इतक्या आतुरतेने वाट त्यांनी शाळा सोडल्यापासून प्रथमच पाहिली असेल.

मांजरीत आमचे घर जुने. आमच्या लहानपणी येथे ऊस होता, नंतर द्राक्षबागा आल्या. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन संस्था अजूनही त्याची साक्ष देतात. जून २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेले आणि शेतांच्या जागी मनोरे उभे राहिले. अशाच एका मनोऱ्याच्या फाटकाजवळ एक बाक आहे. त्यावर रोज सकाळी साडेसात ते नऊ आमची बैठक भरते. मार्केट यार्डात भुसाराची पेढी असलेले शेटजी, औषधांच्या दुकानाचे मालक भाई, निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी आणि निवृत्त बँक अधिकारी प्रस्तुत लेखक. शेटजी व मी एका वर्गात नव्हतो, ते सहा वर्षांनी पुढे. पण एकाच विहिरीत पोहायला शिकलो. ती विहीर आता वाहनतळाखाली आहे, मैत्री अजून वर आहे.

बाकावरील विषय ठरलेले: गुडघे, व्याजदर, चातुर्मासातील प्रवचने आणि मुलामुलींची लग्ने. यांतील शेवटचा विषय निघाला की पहिले तीन मागे पडतात.

विषय तसा गंभीरच आहे. १९८३-८४ मध्ये माझ्या लग्नाचे पाहणे चालू होते, तेव्हा बँकेतील कायम नोकरी असूनही तीन घरांनी मला नकार दिला. एका गृहस्थांनी वडिलांना विचारले, "मुलाचे दुकान किती गाळ्यांचे?" वडिलांचे किराणा दुकान थोरल्या बंधूंकडे आणि हा धाकटा दुसऱ्याचे पैसे मोजतो, हे कळताच त्यांनी चहा अर्धाच घेतला. नोकरी म्हणजे चाकरी, अशी आपल्या समाजाची तेव्हाची धारणा. आज खातेवहीची दोन्ही पाने उलटली आहेत. शिकलेल्या मुली नोकरदार स्थळ मागतात आणि स्वतःची पेढी, गोदाम, दोन टेम्पो असलेला सद्गुणी मुलगा एकोणतीस-तीस वर्षांचा होऊन बसतो. मला यात थोडा सूड घेतल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण शेटजींच्या नातवाचा चेहरा पाहिला की तो होत नाही.

हा नातू अठ्ठावीस वर्षांचा. पहाटे उठून पेढीवर जाणारा, शब्दाचा पक्का. त्याच्या आईवडिलांचे लग्न सामूहिक विवाहात झाले होते. शांतीलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात भारतीय जैन संघटना स्थापन केली आणि हुंडा व लग्नातील उधळपट्टी यांविरुद्ध सामूहिक विवाहांचा मार्ग धरला. त्या काळाचे वारे शेटजींच्या घरातही आले होते. तेव्हा ते मोठे धाडस वाटले होते. आता नातवाची पाळी आली, तर परिचय मेळाव्यात ओळख झालेली एक मुलगी म्हणाली, "घरी बघण्याचा कार्यक्रम नको. आधी आपण दोघे भेटू." मुलगी एम.बी.ए., खराडीत नोकरीला. मगरपट्ट्यात कॉफीच्या दुकानात दोघे तीनदा भेटले. तिसऱ्या भेटीत तिने तीन प्रश्न विचारले आणि ते चौथ्या दिवशी आमच्या बाकावर येऊन पोहोचले.

पहिला: माझा पगार माझ्या खात्यात राहील का? दुसरा: वर्षातून एकदा मी मैत्रिणींबरोबर चार दिवस फिरायला गेले तर चालेल का? तिसरा: लग्नानंतर माझ्या मैत्रिणी माझ्या घरी सहज येऊ शकतील का?

पहिल्या दोन प्रश्नांना नातवाने होकार दिला. तिसऱ्याला म्हणाला, "मला चालेल. घरात चालेल का, ते विचारून सांगतो." हे उत्तर मला बेहद्द आवडले, कर्जाच्या अर्जात इतका प्रामाणिक रकाना मी क्वचितच पाहिला. पण बाकावर हशा पिकला. भाई म्हणाले, "लग्न करायचे आहे की वसतिगृहात राहायचे आहे?" शेटजी म्हणाले, "आमच्या वेळी मुलीला कोणी विचारले होते का?" मीही पुष्टी जोडली, की मैत्रिणी काय, दोन वर्षांत आपोआप विसरतात. गुरुजी तेवढे गप्प राहिले. त्यांना जाऊन सहा वर्षे झालेल्या पत्नीची आठवण येत असावी. मध्यंतरी भाईंनी त्यांच्यापुढे पुण्याच्या माधव दामले यांचा विषय काढला होता. दामले यांनी २०१२ मध्ये एकाकी ज्येष्ठांना सोबती मिळवून देणारे मंडळ सुरू केले. तो विषय निघाला की गुरुजी चष्मा काढून पुसू लागतात आणि आम्ही व्याजदरांकडे वळतो.

मुलीला कोणी विचारले होते का, हा शेटजींचा प्रश्न मात्र खरा. कायद्याने विचारले ते वय. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याने एकपत्नीत्व आणले, घटस्फोटाची वाट ठेवली. गोत्रे टाळण्याचे काम वडीलधाऱ्यांनी केले, दागिन्यांचे सराफाने. लग्नानंतर तिच्या मैत्रिणींचे काय होते, हा रकाना कोणत्याच नमुन्यात नव्हता.

घरी येऊन मी हा किस्सा सौभाग्यवतींना सांगितला, त्या हसतील या अपेक्षेने. त्या मटारचे दाणे काढीत होत्या. हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, तुमचा बाक रोज भरतो. आमचाही एक बाक होता."

नगरच्या शाळेत तिघी जणी एका बाकावर बसत. पुढे कॉलेजातही एकत्र. १९८४ मध्ये आमचे लग्न झाले, पाठोपाठ त्या दोघींची. एक बीडला गेली, एक बार्शीला. मी म्हणालो, "पत्रे यायची की तुला. मला आठवतात." त्या म्हणाल्या, "यायची. दुकानाच्या पत्त्यावर. मामंजी फोडायचे, वाचायचे, मग घरी पाठवायचे. त्यात वावगं काही नसायचं. पण एकदा बार्शीच्या मैत्रिणीनं लिहिलं, सासूशी पटत नाही, फार रडू येतं. ते मामंजींनी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मीच तिला कळवलं, आता पत्र पाठवू नकोस."

मी त्या पंगतीला होतो. मला ते जेवण आठवत नाही. बहुधा मीही हसलो असेन.

वाचकहो, बँकेत रुजू होताना मी निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. सदतीस वर्षे एका ग्राहकाच्या खात्यातील आकडा दुसऱ्यापुढे उच्चारला नाही. सख्ख्या भावाने विचारला तरी नाही. आणि घरात पत्नीचे पत्र फोडले जात होते, याची माझ्या दप्तरी नोंदही नव्हती. वडिलांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. तशी रीतच होती, सुनेचे पत्र म्हणजे घराचे पत्र. पण मी रीत म्हणून मान खाली घालून जेवत राहिलो आणि माझे मित्र मात्र त्याच घरात कधीही येऊन ओट्यावर बसत, चहा मागत. तो चहा कोण करीत असे, हे सांगायला नको.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारले.

"कोणी विचारलं?" असे म्हणून त्या मटारांचे भांडे घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाकावर हे सारे सांगणे मला जड गेले, पण सांगितले. भाईंनी काही उत्तर दिले नाही. औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक खोळंबले असेल, असे म्हणून ते लवकर उठले. शेटजी नऊनंतरही बसून राहिले. आठवडाभराने त्यांनी सांगितले, की त्यांनी घरी विचारले. शेटाणींनी पन्नास वर्षांपूर्वीच्या मैत्रिणींची चार नावे एका दमात घेतली. त्यांपैकी एक भवानी पेठेत, म्हणजे पेढीपासून हाकेच्या अंतरावर राहते, हे शेटजींना ठाऊकच नव्हते. नातवाला होकार कळवायला सांगण्यात आले. मैत्रिणींनी जरूर यावे. सूर्यास्तापूर्वी आल्यास जेवूनच जावे.

हे सगपण जमले, असे लिहिता आले असते तर या लेखाला शोभा आली असती. पण त्याच महिन्यात मुलीची बदली बेंगळुरूला झाली. नातू पेढी सोडू शकत नाही, ती नोकरी सोडू इच्छित नाही. दोघांनी पुन्हा एकदा कॉफी घेतली आणि गोडीने नाही म्हटले. आता तुरीचे भाव उतरले की तो तिला कळवतो आणि ती बेंगळुरूच्या पावसाची छायाचित्रे पाठवते. शेटजींचे कोडे अजून सुटलेले नाही. "मैत्री झाली आणि लग्न मोडले! आमचे लग्न झाले आणि मैत्री व्हायला वीस वर्षे लागली. यात तोटा कोणाचा, ते तुम्ही एम.कॉम. आहात, तुम्ही सांगा." मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे, ती मी रोज वाढवून घेतो.

आमच्या घरी मात्र एक शोध लागला. बार्शीच्या मैत्रिणीचा दूरध्वनी क्रमांक तिच्या भाच्याकडून मिळाला. पहिले संभाषण एक तास वीस मिनिटे चालले. त्यात पहिली काही मिनिटे दोन्हीकडून फक्त रडण्याचा आवाज येत होता, नंतर हसण्याचा. बीडच्या मैत्रिणीचे चार वर्षांपूर्वी निधन झाल्याचे त्यातच कळले.

गेल्या सोमवारी सौभाग्यवती चार दिवसांसाठी बार्शीला गेल्या. एकट्या, एस.टी.ने. गाडीतळावर मी तिकीट काढून देऊ लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या, माझे अर्धे मी काढते." पिशवीत खाकरे होते, शेव होती आणि शाळेतले एक छायाचित्र होते, जे इतकी वर्षे कपाटात कोठे ठेवले होते मला माहीत नाही. खिडकीतून त्यांनी सूचना दिल्या: मूगडाळीच्या खिचडीला एका वाटीस चार वाट्या पाणी, चतुर्दशीला हिरवी भाजी आणायची नाही, दूधवाल्याचे पैसे डब्याखाली.

खिचडीचा अंदाज दुसऱ्या दिवशी जमला. गुरुजी जेवायला होते.