दावा, दलील, पुरावा : मुलांचा निबंध घरी कसा तपासावा?

दहावीचे वर्ष सुरू झाले की बहुतेक घरांत निबंधांचे गाईड येते. मूल त्यातले दहा-बारा निबंध पाठ करते. सुरुवातीला ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’, मध्ये दोन सुविचार आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. अम्मी समोर बसून पाठांतर घेते. एकही शब्द चुकत नाही, म्हणून घरात सगळ्यांना वाटते की मुलाला निबंध येतो. खरे तर त्याला गाईड लिहिणाऱ्याचा निबंध येतो. विषय थोडा फिरवून विचारला की पेन थांबते.

हा प्रश्न फक्त गुणांचा नाही. छापलेले सगळे जसेच्या तसे स्वीकारायची सवय लागली की मूल मोबाइलवर आलेला मेसेजही तसाच स्वीकारते आणि पुढे पाठवते. मग ती एखाद्या वस्तीबद्दलची अफवा असो, पैसे दुप्पट करून देणारी योजना असो की साखरेच्या आजारावरचा ‘रामबाण’ काढा असो. निबंध लिहायला शिकणे म्हणजे ‘हे कशावरून?’ असे विचारायला शिकणे.

तीन ओळखीचे शब्द

निबंधाचा पाया आपल्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या तीन शब्दांत आहे : दावा, दलील आणि पुरावा. आपल्याला काय म्हणायचे आहे तो दावा. तसे का म्हणतो ती दलील. आणि ती दलील ज्यावर उभी आहे तो पुरावा.

‘मोबाइल : शाप की वरदान?’ हा विषय झाला, दावा नव्हे. ‘अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा’ हा दावा. ‘सारखे लक्ष विचलित झाले की वाचलेला धागा तुटतो’ ही दलील. मुलाने आठवडाभर मोबाइल जवळ ठेवून आणि आठवडाभर दूर ठेवून रोज किती गणिते सोडवली याची नोंद केली, तर तो पुरावा.

दावा ओळखण्याची सोपी खूण अशी : एखादा समजूतदार माणूस त्याला ‘मला पटत नाही’ असे म्हणू शकला पाहिजे. ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ याला कोणीच नाही म्हणणार नाही. म्हणून त्यावर पाने भरतात, पण विचार पुढे सरकत नाही.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

मुलांना नमुना दाखवायचाच असेल, तर गाईडऐवजी 1855 सालचा एक निबंध दाखवावा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर तो लिहिला आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तो छापून आला. तेव्हा ती सुमारे चौदा वर्षांची होती.

तिची दलील पाहण्यासारखी आहे. वेद फक्त आमचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे सांगणाऱ्यांचेच म्हणणे ती हातात घेते आणि शेवटपर्यंत नेते. तसे असेल तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही. मग आम्ही कोणत्या धर्माने वागायचे? समोरच्याच्या बोलण्यातून काय निघते, हे ती त्यालाच दाखवते.

आणि पुरावा? ‘आमचे फार हाल होतात’ एवढ्यावर ती थांबत नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, तेव्हा थंडी-वाऱ्या-पावसात तिचे काय होत असेल, हे ती सांगते. जड शब्द नाहीत, सुविचार नाहीत. जे पाहिले आणि सोसले तेच तिने लिहिले, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनीही तो निबंध वाचला जातो.

स्वतःवरही शंका घ्यावी

चिकित्सक विचार म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणे नव्हे. बसरा येथे जन्मलेले आणि कैरो येथे काम केलेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे विद्वान इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीसारख्या मान्यवर ग्रंथकाराच्या म्हणण्यावर शंका मांडणारे एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. सत्य शोधणाऱ्याने वाचलेले सर्व बाजूंनी तपासावे आणि तपासताना स्वतःच्या मताकडेही संशयाने पाहावे, असे त्यांनी त्यात सांगितले. निबंधात याचा अर्थ साधा आहे : विरुद्ध मताची सर्वांत भक्कम दलील स्वतःच लिहावी आणि मग तिला उत्तर द्यावे. मोबाइलच्या निबंधात ‘शाळेचा गृहपाठच मोबाइलवर येतो, त्याचे काय?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. उत्तर देता येत नसेल, तर आपला दावा थोडा बदलावा. त्यात कमीपणा नाही.

नेहमीच्या चुका

• ‘शेजारचा मुलगा मोबाइलमुळेच नापास झाला.’ एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल ठरवता येत नाही.
• ‘मोबाइल आले आणि चष्मे वाढले.’ दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.
• ‘सगळेच असे म्हणतात.’ पुष्कळ लोक म्हणतात म्हणून गोष्ट खरी होत नाही.
• ‘तुम्ही स्वतः दिवसभर मोबाइल पाहता!’ हे म्हणणे खरे असेलही, पण ती दलील नव्हे. इथे मुद्दा सोडून माणसाला धरले आहे.

घरी काय करता येईल?

यासाठी आई-वडील फार शिकलेले असायला हवेत असे नाही. मुलाने लिहिलेले मोठ्याने वाचून घ्यावे आणि तीनच प्रश्न विचारावेत : तुझे म्हणणे काय? ते का? कशावरून? पहिल्याचे उत्तर एका वाक्यात आले नाही, तर निबंध अजून तयार नाही. ज्या परिच्छेदाला ‘का’चे उत्तर देता येत नाही, तो काढून टाकावा. शुद्धलेखन त्यानंतर पाहावे.

विषय घरातलेच घ्यावेत : लग्नातील खर्च कमी करावा का? मुलींना कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात पाठवावे का? आणि मूल जेव्हा आपल्याच एखाद्या मताला ‘अब्बा, हे कशावरून?’ असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नये. त्याला उत्तर द्यावे, नाहीतर ‘शोधून सांगतो’ म्हणावे आणि खरेच शोधून सांगावे.