उद्याची वीज कोठून येईल?

नागपूर शहरात लकडगंज नावाचा भाग आहे. लकडगंज म्हणजे लाकडाची पेठ. रानातले सागवान इथे येते. आरा मशीनवर त्याच्या फळ्या निघतात.

हा आरा कशावर फिरतो? विजेवर. आणि वीज कशावर होते? नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथे मोठी वीजघरे आहेत. कोराडीचे वीजघर १९७४ साली सुरू झाले. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चक्र फिरते. त्या चक्राला जोडलेले यंत्र वीज तयार करते.

आता कोळशाचा हिशोब पाहा. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडचा शंभर किलो कोळसा जाळला, तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती कोठेतरी ठेवावीच लागते. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला. राख शेतांत आणि नाल्यात शिरली. शिवाय कोळशाच्या धुराने हवा तापते, पावसाचा नेम बिघडतो. झाड तोडले तर दुसरे लावता येते. खाणीतला कोळसा एकदा जळला की संपला.

मग कोळसा आजच बंद केला तर? तसे भागणार नाही. देशात १०० युनिट वीज झाली, तर त्यातली साधारण ७० कोळशाची असते. खाणींवर आणि वीजघरांवर हजारो घरांची चूल पेटते. मग पुढे वाटा कोणत्या?

पहिली वाट, आणखी कोळसा जाळण्याची. वीज रात्रंदिवस मिळेल. पण राख आणि धूरही वाढेल.

दुसरी वाट सूर्याची. जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सौर वीजघरांची ताकद १ लाख मेगावॅटवर गेली. उन्हाला पैसा पडत नाही. पण रात्री ऊन नसते. म्हणून वीज साठवावी लागते. ती बॅटरीत साठवतात, नाहीतर पाण्याच्या मदतीने. सह्याद्रीत घाटघरला असे २५० मेगावॅटचे वीजघर आहे. वीज उरली की पाणी वरच्या तळ्यात चढवतात. वीज लागली की तेच पाणी खाली सोडतात.

शेतकऱ्याला या वाटेचा मोठा फायदा आहे. रात्रीची वीज असली की अंधारात ओलिताला जावे लागते. सापाची भीती, रानडुकराची भीती. सौर पंप दिवसा चालतो.

तिसरी वाट काटकसरीची. ६० वॉटचा जुना बल्ब एका युनिटात सोळा तास जळतो. ९ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त जळतो. उजेड जवळजवळ सारखाच. वाचलेले युनिट म्हणजे न जळलेला कोळसा.

हवा तापवणाऱ्या धुराची भर २०७० पर्यंत थांबवू, असे भारताने २०२१ साली जगापुढे सांगितले. तोवर या वाटा बरोबरच चालतील. सूर्याची आणि काटकसरीची वाट जेवढी रुंद होईल, तेवढा कोळसा कमी जळेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सौर वीजघर उभारतात. त्याला जमीन लागते. तुमच्या गावात कोणी जमीन मागायला आले, तर ग्रामसभेला जा. विचारा : दिवसा वीज किती तास मिळेल? भाडे किती? करार किती वर्षांचा? आता तुम्हांला वाचता येते. कागद आधी वाचा, सही मग करा.