बंदी सरकारची, धंदा दलालाचा

नेपाळातून भारतात यायला ना व्हिसा लागतो, ना पासपोर्ट. १९५० च्या मैत्री करारातली ही मोकळीक लाखो कष्टकऱ्यांचं पोट भरते आणि माणसं विकणाऱ्यांचंही. वीरगंजसारख्या सीमानाक्यांवर म्हणूनच मानवी तस्करी रोखणाऱ्या ‘माइती नेपाल’ या संस्थेच्या बायका रिक्षा अडवताना दिसतात. काही जणी स्वतः विकल्या गेलेल्या. एखादी पोर आणि तिचा ‘भाऊ’ दिसला, की दोघांना वेगळं करून विचारायचं: गाव कुठलं? बापाचं नाव काय? उत्तरं जुळली नाहीत की प्रवास तिथेच थांबतो. कामाला निघालेल्या सज्ञान बाईलाही कधी कधी याच चौकशीतून जावं लागतं. एकट्या निघालेल्या पुरुषांना कुणी हटकत नाही.

या वाटेचं एक टोक म्हणजे मुंबईचा कामाठीपुरा. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे पडले आणि सुमारे पाचशे मुली सुटल्या. त्यांत नेपाळी बऱ्याच. येताना त्यांना कुणी कागद मागितला नव्हता; परत जायची वेळ आली तेव्हा मात्र नेपाळ सरकारला नागरिकत्वाचा पुरावा हवा होता! मुली महिनोन् महिने सुधारगृहांत अडकल्या. अखेर स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना काठमांडूला नेलं. त्यांतली चरीमाया तामांग सिंधुपाल्चोकची, जंगलात चारा आणायला गेलेली असताना पळवलेली. तिने गावी जाऊन थेट पोलिसांत तक्रार केली आणि आठ जणांना शिक्षा झाली. तिने आणि तिच्या सोबतिणींनी उभ्या केलेल्या ‘शक्ती समूहा’ला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे बाजार आखाताकडे सरकला.

तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. छळाला कंटाळून बाई घराबाहेर पडली, की कायद्याच्या लेखी तीच गुन्हेगार. नेपाळने यावर सोपा उपाय शोधला: बायकांना जाऊच द्यायचं नाही. २०१२ मध्ये तिशीच्या आतल्या बायकांना आखातात घरकामासाठी जायला मनाई झाली, २०१७ मध्ये सगळ्यांनाच. गावातली गरिबी तशीच राहिल्याने बायका निघतच राहिल्या. फक्त काठमांडूच्या विमानतळाऐवजी उघड्या सीमेवरून भारतमार्गे, दलालाच्या मागोमाग. सरकारी नोंद नाही, करारपत्र नाही. मग तिकडे पगार बुडाला तर दाद मागायची कशाच्या जोरावर?

जुलै २०१८ मध्ये दिल्लीच्या मुनीरका भागातून १६ नेपाळी तरुणींची सुटका झाली. त्यांना कुवेत आणि इराकला पाठवायचं घाटत होतं. आठवडाभरातच पहाडगंजच्या एका हॉटेलातून आणखी ३९ जणी सापडल्या. संपूर्ण बंदी लागू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.