बेडकाच्या गुणसूत्रांवर कोरलेली नावं

मागच्या व्याख्यानात आपण गुणसूत्रांची रचना पाहिली. आज त्याच गुणसूत्रांत राहणाऱ्या, पण एका जागी स्वस्थ न बसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांबद्दल बोलू या. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. सोप्या भाषेत उड्या मारणारी जनुकं. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी 1940च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरच्या रंगांचा अभ्यास करताना ती शोधली आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. आपण मात्र मका सोडून बेडकाकडे जाणार आहोत. कारण एका बेडकाच्या बाबतीत या तुकड्यांनी असं कोडं सोडवलं, ज्याचे साक्षीदारच आज उरलेले नाहीत.

हा बेडूक म्हणजे आफ्रिकेतला झेनोपस लेव्हिस. प्रयोगशाळांमध्ये तो अनेक दशकं वापरला जातो. त्याचा जवळचा नातेवाईक झेनोपस ट्रॉपिकॅलिस. ट्रॉपिकॅलिसकडे गुणसूत्रांच्या 10 जोड्या आहेत, लेव्हिसकडे 18. जवळजवळ दुप्पट! बरोबर दुप्पट, म्हणजे 20 का नाहीत? कारण ट्रॉपिकॅलिसमध्ये सुटी असलेली 9 आणि 10 क्रमांकाची गुणसूत्रं लेव्हिसच्या वंशात एकमेकांना जोडली गेली. म्हणजे 9 जोड्यांचे दोन संच.

दोन संच आले कुठून? दोन वेगळ्या जातींच्या बेडकांचा संकर झाला, हे उत्तर. एरवी संकरातून झालेली संतती बहुधा वांझ असते. खेचराचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. पण संकरात सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, तर प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि वंश पुढे चालू शकतो. लेव्हिसचं तेच झालं. अडचण एवढीच, की ते दोन्ही मूळ पूर्वज आता अस्तित्वात नाहीत. मग कुठलं गुणसूत्र कुणाकडून आलं, हे ठरवायचं कसं?

इथे ट्रान्सपोझॉन मदतीला येतात. त्यांची एक मोठी शाखा कापा-चिकटवा पद्धतीने चालते. तुकड्यातच एका विकराचं जनुक असतं. ते विकर तुकड्याची दोन्ही टोकं ओळखतं, तो कापून बाहेर काढतं आणि दुसरीकडे नेऊन बसवतं. मूळ जागी पडलेली खाच पेशी कधीकधी शेजारच्या प्रतीवरून पुन्हा भरून काढते, आणि एकाचे दोन होतात! माणसाच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग उड्या मारणाऱ्या तुकड्यांतून आलेला आहे, पण त्यात कापा-चिकटवा प्रकार जेमतेम 3 टक्के. ट्रॉपिकॅलिसचा जीनोम 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अशा तुकड्यांचा निघाला, आणि त्यात कापा-चिकटवा प्रकार नेहमीपेक्षा फारच जास्त होता.

आता आपल्याकडच्या भांड्यांचा विचार करा. स्टीलच्या डब्यावर, तांब्यावर आपण नाव कोरून घेतो. दोन घरांची भांडी कार्यात एकत्र झाली, तरी नाव वाचून ज्याची त्याला परत देता येतात. घरातली माणसं समोर नसली तरी चालतं.

ट्रान्सपोझॉन म्हणजे ही कोरलेली नावं. दोन पूर्वज जाती वेगळ्या राहत होत्या, तेव्हा प्रत्येकीत वेगवेगळे ट्रान्सपोझॉन पसरले. संकरानंतर सगळी गुणसूत्रं एकाच पेशीत आली. त्यानंतर एखादा तुकडा उड्या मारत राहिला असता, तर तो दोन्ही संचांत सापडला असता. जो तुकडा एकाच संचात सापडतो, त्याच्या उड्या संकराआधीच्या, हे उघड आहे.

2016 मध्ये लेव्हिसचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमकं हेच केलं गेलं. अशा एका ट्रान्सपोझॉनला चिकटणारी चमकणारी खूण गुणसूत्रांवर सोडली, तर 9 जोड्या उजळल्या आणि बाकीच्या 9 अंधारातच राहिल्या. एका संचाची गुणसूत्रं लांब, त्याला एल म्हणतात. दुसऱ्याची आखूड, तो एस.

या नावांवरून तारीखही काढता येते. उडी थांबलेला तुकडा जिथे असेल तिथे हळूहळू बिघडत जातो, जशी कोरलेली अक्षरं घासून झिजतात. एकाच तुकड्याच्या अनेक प्रतींमधले फरक मोजले, की त्या कधी पसरल्या याचा अंदाज येतो. त्यावरून, आणि निकामी झालेल्या जनुकांच्या वयावरून, हिशेब निघाला: दोन पूर्वज सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले आणि 1.7 ते 1.8 कोटी वर्षांपूर्वी पुन्हा एकत्र आले.

या तुकड्यांना बरीच वर्षं 'कचरा' म्हटलं गेलं. बहुतेक तुकडे बेडकाच्या काही कामाचे नसतीलही. पण लेव्हिसची अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं मादी होणार, हे ठरवणारं डीएम-डब्ल्यू नावाचं जनुक 2008 मध्ये सापडलं, आणि त्याचा एक भाग जुन्या ट्रान्सपोझॉनपासून बनलेला आहे, हे नंतर कळलं. म्हणजे कधीकाळी घुसलेला तुकडा आज घरचं महत्त्वाचं काम बघतो आहे. तेव्हा जीनोममधला एखादा भाग निरुपयोगी दिसला, तर तो टाकून देण्याआधी आपण दोन प्रश्न विचारू या: हा इथे कधी आला, आणि कुणाबरोबर आला? लेव्हिसचा हरवलेला इतिहास या दोन प्रश्नांतूनच हाती लागला.